दत्तूने मागितलेलं पाणी

आमच्या ख्रिस्ती मंडळीत रविवारच्या उपासनेनंतर साक्ष देण्याची पद्धत होती. कुणीतरी उभं राहायचं आणि प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते चार शब्दांत सांगायचं. कुणाचा ताप उतरलेला असे, कुणाच्या मुलाला नोकरी लागलेली असे. मी कधी उभी राहिले नाही. मिशनच्या हॉस्पिटलात मी नर्स होते. ज्यांच्या खाटेपाशी तितक्याच कळकळीने प्रार्थना झाल्या होत्या आणि तरीही ज्यांचा ताप उतरला नव्हता, अशी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. त्यांच्या घरच्यांनी कुठे उभं राहायचं आणि काय सांगायचं, हा प्रश्न माझ्या मनात येई आणि तसाच राही. देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही. पण तो कामाच्या सवयीसारखा झाला होता. सकाळी प्रार्थना म्हणायची, वॉर्डात जायचं, दिवस संपवायचा. त्याने माझ्याशी काही बोलावं अशी माझी अपेक्षाही राहिली नव्हती.

मी सांगते आहे ती हकिकत पहिल्या निवडणुकीच्या वेळची. संस्थान विलीन होऊन फार काळ लोटला नव्हता. दरबाराच्या हुकमावर जगलेल्या माणसांना आता मत होतं, आणि ते मागायला मोठमोठी माणसं दारोदार फिरत होती. कोल्हापुरात रोज कुठे ना कुठे सभा असे. बिंदू चौकातून जाताना कर्ण्यांच्या आवाजाने टांग्याची घोडी बिचकत. खेड्यांत तर बांधावरची आणि भावकीतली जुनी भांडणंच नवे झेंडे घेऊन उभी राहिली होती. पंचगंगेच्या काठी एक गाव आहे. तिथली माणसं अजून हयात आहेत, म्हणून नाव लिहीत नाही. त्या गावची वरची आळी एका उमेदवाराच्या मागे होती, खालची आळी दुसऱ्याच्या. एके दिवशी सकाळी देवळापुढे दोन्हीकडच्या मिरवणुका समोरासमोर आल्या आणि दगडफेक झाली. त्यात खालच्या आळीचा दत्तू नावाचा तरुण जखमी झाला.

दुपारी त्याला बैलगाडीतून आमच्याकडे आणलं. अंगाने तालमीतला गडी, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढा. डोक्याला कानाच्या वर मार लागला होता, पण रक्त फारसं नव्हतं. गाडीतून तो स्वतःच्या पायांनी उतरला आणि चालत वॉर्डात आला. बरोबरच्या पोरांना वाटलं, थोडक्यात निभावलं. मला तसं वाटलं नाही. डोक्याचा मार लागलेली माणसं काही वेळ अगदी चांगली बोलतात आणि मग एकाएकी हातची जातात, हे मी पाहिलं होतं. आमचे डॉक्टर दुसऱ्या एका ऑपरेशनमध्ये होते. ते येईपर्यंत याच्या पोटात काही जाऊ द्यायचं नाही, असा त्यांचा निरोप होता. बरोबरच्या पोरांना बाहेर व्हरांड्यात बसवून मी त्याच्यापाशी थांबले.

त्याने पाणी मागितलं. मी नाही म्हटलं.

"का वो, शिस्टर? पान्यानं काय हुतंय?"

मी म्हटलं, "डोक्याचं ऑपरेशन करावं लागेल कदाचित. पोट रिकामं लागतं. डॉक्टर आले की विचारू."

"बरं," तो म्हणाला. शहाण्या मुलासारखं त्याने ऐकलं. मी कापसाचा बोळा भिजवून त्याच्या ओठांवरून फिरवला. तो बोळा त्याने ओठांनी धरून ठेवला. मग थोड्या वेळाने डोळे मिटूनच बोलायला लागला. "शिस्टर, दगुड आमच्याच कडचा व्हता. मी पुढं हुतो आन् मागनं आला. चुकून लागला. कुनाला धरू नका म्हनावं." कोणाचा दगड, हे त्याने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मी दुसरा बोळा भिजवला. नंतर त्याची जीभ जड झाली आणि तो ओकला. डॉक्टर ऑपरेशन उरकून धावत आले तेव्हा त्याची शुद्ध गेलेली होती. जबाब घ्यायला फौजदार आले तेव्हा तो घोरत होता. डॉक्टरांनी करता येण्यासारखं सगळं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. त्याची आई गाडी करून आली ती त्यानंतर. तेव्हा माझी पाळी संपली होती, त्यामुळे आमची गाठ पडली नाही.

तो काय म्हणाला ते मी त्याच दिवशी डॉक्टरांना सांगितलं होतं, आणि त्यांनी ते फौजदारांच्या कानावर घातलं. फौजदार म्हणाले, बघू. पण तोवर वरच्या आळीच्या तीन जणांना पकडून नेलं होतं, आणि खालच्या आळीचा उमेदवार दत्तूच्या फोटोला हार घालून गावोगाव सभा घेत होता. दत्तूने आपल्या उमेदवाराचा जयजयकार करत प्राण सोडला, असं त्या सभांतून सांगत. एका सभेतला हा भाग मी स्वतः ऐकला. बाजारातून येत होते, गर्दीमुळे थांबावं लागलं. ऐकताना राग आला नाही. ज्या पोराच्या ओठांना मी कापूस लावला तो हा नव्हे, दुसराच कुणी, असं वाटून मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि वाट मिळाल्यावर पुढे गेले. तो उमेदवार निवडून आला.

उन्हाळ्यात खटला उभा राहिला आणि आरोपींच्या वकिलाने मला साक्षीला बोलावलं. वॉर्डातली गोष्ट वॉर्डात राहत नाही. कुठून तरी ती त्याच्यापर्यंत पोचली होती. समन्स आलं त्या दिवशी डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. ते परदेशी होते. आमच्या देशात त्यांची बरीच वर्षं गेली होती, तरी त्यांचं मराठी शुद्ध आणि थोडं ताठ होतं. "सिस्टर, आपण खोटे बोलावे असे मी कधीही सांगणार नाही," ते म्हणाले. "परंतु आम्हा परदेशी लोकांकडे सध्या संशयाने पाहतात. हे हॉस्पिटल एका पक्षाचे आहे असे लोकांना वाटले तर गरीब रोगी येथे येणार नाहीत. त्याचे शब्द आपणांस अगदी स्पष्ट ऐकू आले होते काय, याचा आपण शांतपणे विचार करावा." त्यांचं म्हणणं मला वाईट वाटलं नाही. ते भले गृहस्थ होते आणि त्यांची काळजी खरी होती.

माझे मामा आमच्या मंडळीचे पंच होते. वडिलांच्या मागे त्यांनीच मला शिकवलं होतं. आमच्या दफनभूमीत जागा उरली नव्हती. नवी जागा मिळावी म्हणून मामा कितीतरी दिवस कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत होते, आणि निवडून आलेल्या त्या गृहस्थाने आता शब्द दिला होता. मामा घरी आले, चहा प्याले आणि बशी खाली ठेवून म्हणाले, "पोरी, आपण मूठभर माणसं. आपल्याला ना ही आळी, ना ती आळी. ज्याचं राज्य येईल त्याच्याशी नीट राहायचं, एवढंच आपल्या हातात आहे. नीट ऐकू आलं नाही म्हणालीस तर कुणाचं काय जातं? त्या तिघांचा वकील आणखी चार साक्षीदार आणील."

मी म्हटलं, "आणि नाही आणले तर, मामा?"

त्यांनी रिकामी बशी कपाखाली सरकवली. मग म्हणाले, "तर तो देव बघून घेईल."

पुढचे काही दिवस मी प्रार्थना केली, पण ती सरळ प्रार्थना नव्हती. खटल्याची तारीख पुढे ढकलली जावी, वकिलाचा विचार बदलावा, मला ताप यावा, असं मी मागत होते. तसं काही झालं नाही. तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं, की रोग्याची वाचा अडखळत होती, मला स्पष्ट ऐकू आलं नाही, असं सांगायचं. त्यात तथ्य अगदीच नव्हतं असंही नाही. शेवटी त्याची जीभ जड झालीच होती. हे ठरल्यावर मला झोपही चांगली लागली, हे मी नमूद केलं पाहिजे. सत्याशी मी काही फार झगडले, असं चित्र कुणी मनात उभं करू नये. साऱ्या शहाण्या माणसांनी सांगितलेली वाट मी धरली होती आणि देवाकडूनही काही हरकत आलेली नव्हती.

कोर्टात मी गणवेश घालून गेले नाही. साधं पांढरं लुगडं नेसले होते. साक्षीदारांना बाहेर बसवत. व्हरांड्यात दोन्ही आळ्यांची माणसं दोन टोकांना बसली होती आणि मधली बाकं रिकामी होती. मी मधल्या एका बाकावर बसले. थोड्या वेळाने खालच्या आळीच्या घोळक्यातून एक म्हातारी उठली आणि माझ्या शेजारी येऊन टेकली. हिरवं, विटलेलं लुगडं, कपाळावर जुनं गोंदण. तिने कनवटीची चंची काढली, पान जुळवलं, मला विचारलं. मी नको म्हटलं.

"कुठल्या गावचं म्हनायचं पावणं?"

"इथलीच. कोल्हापूरची."

"मंग बरं हाय. आमी पाटंचं निगालोय गाडीनं." तिने पान तसंच हातात धरून ठेवलं. "माज्या पोराचा खटला हाय आज. दत्तूचा. ऐकलं असशीला."

मी मान हलवली. ती बोलत राहिली. तिचा आवाज त्या सगळ्या भागातल्या बायकांसारखाच मोठा होता, आणि रडण्याचा त्यात मागमूस नव्हता. "सगळी मानसं मला सांगत्यात, दत्तू आसं म्हनला आन् दत्तू तसं म्हनला. सभंत बी सांगत्यात. म्या म्हनते, आरं, तुमी एक तरी व्हता का त्येच्या उशाला? समदी भाईर बिड्या वडत बसलेली. म्हाईत हाय की मला. त्येच्याजवळ एक शिस्टर व्हती म्हनं. ती आज येनार हाय. तुला दिसली का गं बाई कुटं?"

मी विचारलं, "तिच्याकडे काय काम आहे, मावशी?"

"काय न्हाई. येवढंच इचारायचं हाय, त्येनं पानी मागितलं व्हतं का? आन् मिळालं का?" मग ती म्हणाली, "ल्हानपनापास्नं त्येला तहान लई. रानात जाताना घागर निऊन ठिवायची मी. राजकारन मला काय कळतंय, बाई? ह्ये जिकलं काय आन् त्ये जिकलं काय. पर माजं लेकरू तहानेलं गेलं का, ह्ये कुनी सांगत न्हाय."

त्या क्षणी मला काही दर्शन झालं नाही. समोरच्या वडावर कावळे ओरडत होते, आतून कारकुनाच्या खोकण्याचा आवाज येत होता. मला एवढंच कळलं, की मी ठरवलेली वाट बंद झाली आहे. मला ऐकू आलं नाही असं म्हणायचं, तर त्याने पाणी मागितलं तेही ऐकू आलं नसलं पाहिजे. या बाईला पाण्याचं सांगायचं आणि आत जाऊन दगडाचं गाळायचं, हे एका तोंडाने होण्यासारखं नव्हतं. आणि तिला काहीच न सांगता उठून जाणं मला शक्य नव्हतं. वधस्तंभावर आमच्या प्रभूनेही तहान लागली म्हटलं होतं. त्याची आई तिथे खाली उभी होती. लहानपणापासून दर गुड फ्रायडेला मी हे ऐकत आले होते. तिला पुढे होऊन पाणी देता आलं नाही, हा विचार माझ्या मनात त्या बाकावर पहिल्यांदा आला.

मी म्हटलं, "मावशी, ती नर्स मीच."

तिने पान खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिला सांगितलं, की त्याने पाणी मागितलं होतं, पण ऑपरेशनआधी पाणी द्यायची मनाई होती, म्हणून मी दिलं नाही. कापूस भिजवून ओठांना लावत होते. तो ओठांनी धरून ठेवत होता. मी का देत नाही ते त्याने विचारलं, मी सांगितलं, आणि तो 'बरं' म्हणाला.

"बरं म्हनला?"

"हो."

"तसाच व्हता त्यो," ती म्हणाली. तिने माझा हात धरला, तळवा वर केला आणि त्यावरून आपला अंगठा फिरवला. "ह्याच हातानं?"

"हो, मावशी."

"आनि काय म्हनला?"

मी उत्तर देणार तोच शिपायाने माझ्या नावाचा पुकारा केला. मी उठले. ती माझ्या मागोमाग आत आली आणि दारापाशी भिंतीला टेकून खाली बसली.

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर माझ्या हाताखाली आमचं धर्मपुस्तक ठेवलं आणि मी शपथ घेतली. वकिलाने विचारलं तसं मी सांगत गेले. दगड आमच्याच कडचा होता, मागून आला, चुकून लागला, कुणाला धरू नका, हे सगळं मी त्याच्याच शब्दांत सांगितलं. मागे माणसांत चुळबुळ झाली. सरकारी वकील उठले. रुग्ण शुद्धीवर होता हे कशावरून, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मी पाणी नाकारलं तेव्हा त्याने कारण विचारलं. कारण सांगितल्यावर ते त्याला पटलं." आरोपींकडून तुम्हाला काही मिळालं का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. मग ते म्हणाले, तुम्ही ख्रिस्ती, परदेशी मिशनच्या नोकर, तुमचा त्या गावाशी काय संबंध? त्यांचा आवाज चढला होता. मला मात्र का कोण जाणे, फार स्वस्थ वाटत होतं. मी म्हटलं, "काही नाही. मी त्याच्यापाशी बसले होते, एवढाच." न्यायाधीश साहेबांनी ते लिहून घेतलं आणि मला जायला सांगितलं. ते स्वास्थ्य माझं नव्हतं. माझा स्वभाव मी ओळखून आहे. रात्रपाळीच्या मेट्रननी जरा आवाज चढवला तरी मी आधी माफी मागून मोकळी होत असे.

बाहेर आल्यावर खालच्या आळीची माणसं माझ्याकडे न बघता पुढे गेली. त्यांनी गाड्या जुंपल्या. म्हातारी पायऱ्यांवर उभी होती. तिला आता माझा तिरस्कार वाटत असेल, असं मी धरून चालले होते. गावात तिच्या मुलाच्या नावाने चौथरा बांधायचं ठरलं होतं, आणि तो चौथरा आता होणार नव्हता. गाडीतून एकाने तिला हाक मारली, "चल आत्ये. बसायचं हाय का न्हाय?"

"त्यो कुनाला धरू नका म्हनला," ती त्याला म्हणाली. "तुमी तिघांस्नी धरून दिलासा. तुमच्या गाडीत न्हाई बसायची मी."

गाडी थोडी थांबली आणि मग निघून गेली. वरच्या आळीच्या बायका लांबून हे पाहत होत्या. त्यातली एक तरुण बाई, तीन आरोपींपैकी एकाची बायको, पुढे आली. तिने म्हातारीच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि आपल्या गाडीत ठेवलं. म्हातारी तिच्यामागून गेली. चढताना दोघी-तिघींनी तिला हात दिला. मी गाडी वळणाआड जाईपर्यंत उभी राहिले आणि मग पायीच हॉस्पिटलात आले.

तिघेही सुटले. आमच्या दफनभूमीला जागा मिळाली नाही. मामांनी मला कधी बोल लावला नाही, पण बरेच दिवस त्यांना माझ्याशी बोलायला विषय सापडत नसे. खालच्या आळीचे रोगी काही काळ आमच्याकडे येईनासे झाले, मग हळूहळू येऊ लागले. दुखणं फार झालं की माणूस डॉक्टरचा पक्ष पाहत नाही. डॉक्टर एकदा औषधं मोजता मोजता मला म्हणाले, "सिस्टर, त्या दिवशी मी आपणांस योग्य सल्ला दिला नाही." मग त्यांनी मोजणी पहिल्यापासून सुरू केली.

ती म्हातारी नेमकी माझ्याच शेजारी का बसली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बाक रिकामं होतं म्हणून बसली असेल. मी बाईमाणूस दिसले म्हणून बसली असेल. याहून वेगळं कारण मी कुणाला पटवून देणार नाही. मात्र तोवर मी देवाला मार्ग सुचवत होते, तारीख बदल, ताप दे, वकील फिरव. त्याने त्यातलं काही केलं नाही. तहानेने कासावीस झालेल्या मुलाची आई त्याने माझ्या शेजारी बसवली आणि उरलेलं माझ्यावर सोडलं. आता मी प्रार्थनेत सूचना करत नाही. काय येईल ते येवो, आणि ते आलं तेव्हा मी जागेवर असावं, एवढंच मागते.

पुढच्या वर्षी वरच्या आळीची एक बाई आमच्याकडे बाळंतपणाला आली. गाठोडं उचलून गाडीत ठेवणारी तीच. मूल आडवं होतं, आणि कुणीतरी घरचं माणूस सतत जवळ हवं होतं. मी व्हरांड्यात जाऊन विचारलं, "हिच्याबरोबर कोण आलंय?"

दत्तूची आई भिंतीला टेकून बसली होती. हात टेकून सावकाश उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "मी हाय की."

मी तिला आत घेतलं. मनातल्या मनात प्रभूचे आभार मानले आणि हात धुवायला गेले.